तेलाच्या डब्यावरील मजकूर : एक परीक्षण

परीक्षण पुस्तकाचे होते, नाटकाचे होते. येथे आम्ही इंजिन ऑइलच्या डब्यावर छापलेल्या मजकुराचे करणार आहोत. हा मजकूर विज्ञानाच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा जास्त लोक वाचतात आणि त्यावर विसंबून पैसे खर्च करतात. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तपासणे शिक्षकांच्या उपयोगाचे आहे असे आम्हांला वाटते.

निमित्त घडले अंजनवेलला. मे महिन्यात आमचा पुतण्या पुण्याहून कुंभार्ली घाटाने आपली दोन दारांची, टर्बोचार्जरची मोटार घेऊन आला. एरवी ती कचेरीला जाण्यासाठी वापरायची आणि वर्षातून दोनदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेऊन मनसोक्त पळवायची, असा त्याचा छंद. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० तेल सांगितलेले आहे आणि ५डब्ल्यू-४० चालेल असेही म्हटले आहे. मित्रांच्या सल्ल्यावरून त्याने आणले होते १०डब्ल्यू-६०, आणि त्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘रेसिंग’. शेजारचे तांडेल आपल्या मचव्याच्या डिझेल इंजिनासाठी १५डब्ल्यू-४० ची बादली घेऊन त्याच वेळी पडवीत टेकले. त्यांनी पुतण्याचा डबा हातात घेतला आणि निर्वाळा दिला, “हेच बरं. तेल कसं जाड हवं. पातळ तेल म्हणजे पाणीच.” पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही सांगा.”

सांगण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी एका शिक्षक शिबिरात आम्ही फळ्यावर एक आलेख काढला होता. ५डब्ल्यू-४० म्हणजे थंड असताना ५ इतके पातळ आणि तापल्यावर ४० इतके दाट, असे सांगून रेघ खालून वर नेली होती. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, “सर, कढईतले तेल तापले की पातळ होते. हे दाट कसे होईल?” त्यात बहुवारिके मिसळलेली असतात, असे उत्तर देऊन आम्ही त्यांना गप्प केले. बाई बरोबर होत्या. आम्ही डबा वाचला होता, त्यामागचे मानक वाचले नव्हते.

दोन परीक्षा, दोन विषय

डब्यावरील आकडे एसएई या अमेरिकी संस्थेच्या जे३०० या मानकातून येतात. तेलांचे श्यानतेनुसार, म्हणजे दाटपणानुसार, वर्ग पाडण्याचे काम या संस्थेने १९११ मध्ये सुरू केले. डब्ल्यू हे विंटरचे, म्हणजे हिवाळ्याचे आद्याक्षर. डब्ल्यूच्या मागचा आकडा थंडीच्या परीक्षेचा आणि पुढचा गरमीच्या परीक्षेचा. दोन्ही परीक्षांची मोजपट्टी एक नाही.

५डब्ल्यू हा शिक्का मिळण्यासाठी उणे ३० अंश सेल्सिअसला, इंजिन फिरवून पाहण्याच्या चाचणीत, तेलाची श्यानता ६,६०० मिलिपास्कल-सेकंदांच्या वर जाता कामा नये. १०डब्ल्यूसाठी हीच मर्यादा उणे २५ अंशांना ७,००० आहे. ४० हा शिक्का मात्र १०० अंशांना मिळतो. तेथे श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावी लागते. साध्या ५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४० अंशांना सुमारे ८५ सेंटिस्टोक आणि १०० अंशांना सुमारे १४ सेंटिस्टोक भरते. म्हणजे तापल्यावर तेल सहापट पातळ झाले. आलेख उतरताच आहे. बहुवारिकांचे काम उतार थोडा कमी करण्याचे, तो उलटा करण्याचे नव्हे. ५ आणि ४० यांची तुलना म्हणजे एका मुलाचे चित्रकलेचे ५ गुण आणि गणिताचे ४० गुण पाहून त्याची प्रगती झाली असे म्हणणे होय.

येथे मजकुराचा पहिला दोष दिसतो. दोन निराळ्या मोजपट्ट्यांवरचे आकडे मधे एक आडवी रेघ देऊन शेजारी छापले, की वाचणारा ‘पासून-पर्यंत’ असेच वाचणार. शिवाय अंजनवेलला पारा उणे ३० अंशांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. सुरू होण्यापुरते पाहिले तर ५डब्ल्यू काय आणि १५डब्ल्यू काय, येथल्या सकाळी दोन्ही चालतात. पण एवढ्यावरून हा आकडा निरर्थक ठरत नाही. ४० अंशांनाही १०डब्ल्यू-६० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून अधिक दाट असते. रोज सकाळी थंड इंजिन सुरू करून दहा मिनिटांत कचेरी गाठणाऱ्या माणसाच्या इंजिनाला ते दाट तेल ढकलण्यातच इंधन खर्चावे लागते.

जाड म्हणजे चांगले?

तांडेलांचे मत पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ते निराधारही नाही. तेलाचा पापुद्रा दोन धातूंना वेगळे ठेवतो आणि पापुद्रा दाट तेलाचा अधिक जाड होतो. तरीही हे अर्धेच सत्य आहे.

१८८३ साली ब्युशँप टॉवर हा अभियंता इंग्लंडमध्ये रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने वरून भोक पाडले, तर यंत्र चालू होताच तेल तेथूनच उसळून वर येऊ लागले. बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर सरकली. शेवटी त्याने दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड असताना काटा २०० पौंडांच्या पलीकडे गेला. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याची उपपत्ती मांडली. फिरणारा दांडा तेलाला पाचरीच्या आकाराच्या फटीत ओढतो आणि तेथे निर्माण होणारा दाब दांड्याला उचलून धरतो. भार पेलण्यात श्यानतेइतकाच वेगाचाही वाटा आहे. वेग पुरेसा असेल तर पातळ तेलही भार पेलते, आणि गरजेपेक्षा दाट तेल फक्त घर्षण आणि उष्णता वाढवते.

याचे मोठे उदाहरण अंजनवेलच्याच हद्दीत आहे. रत्नागिरी गॅस अँड पॉवरच्या प्रकल्पासारख्या ठिकाणच्या प्रचंड वायुटर्बाइनांना साधारणपणे आयएसओ व्हीजी ३२ वर्गाचे तेल लागते. ४० अंशांना त्याची श्यानता ३२ सेंटिस्टोक असते, म्हणजे तांडेलांच्या बादलीतल्या तेलाच्या सुमारे एक-तृतीयांश. त्यावर कित्येक टन वजनाचा फिरता भाग मिनिटाला ३,००० फेरे घेत तरंगतो.

दाट तेलाच्या बाजूने आणखी एक पुरावा दिला जातो. ते घातल्यावर तेलदाबाचा काटा वर चढतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला तर नळीतला दाब वाढतो, झाडाला पाणी मात्र कमी मिळते. काटा तेलाला झालेला अडथळा दाखवतो, बेअरिंगपर्यंत पोचलेले तेल दाखवत नाही.

न छापलेला आकडा

शर्यतीच्या मार्गावर खरी कसोटी कोणती, ते विद्यार्थ्यांना गणिताने दाखवता येते. क्रँकशाफ्टचा व्यास ५० मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला ७,००० धरा. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे १८ मीटर येतो. फट २५ मायक्रोमीटर धरली तर वेगाला फटीने भागून कर्तन-दर सेकंदाला सात लाखांच्या वर जातो. जेथे पापुद्रा याहून पातळ असतो तेथे तो कित्येक पट वाढतो. इतक्या ओढाताणीत बहुवारिकांचे लांब रेणू प्रवाहाच्या दिशेने ताणले जातात आणि तेल तात्पुरते अधिकच पातळ होते. प्रयोगशाळेत १०० अंशांना, केवळ स्वतःच्या वजनाने ओघळणाऱ्या तेलावर केलेली मोजणी येथे अपुरी पडते.

म्हणून जे३०० मध्ये आणखी एक परीक्षा आहे. १५० अंशांना आणि सेकंदाला दहा लाख कर्तन-दराला श्यानता मोजायची. तिचे किमान गुण असे : ३० साठी २.९ मिलिपास्कल-सेकंद, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० साठी ३.५; १५डब्ल्यू-४० साठी ३.७; ५० आणि ६० यांच्यासाठीही ३.७. (साध्या पाण्याची श्यानता २० अंशांना १ असते, हे लक्षात घ्यावे.)

वाचकांनी शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहावेत. ‘रेसिंग’ डब्यावरील ६० हा आकडा या कसोटीत किमान जी हमी देतो, तेवढीच हमी तांडेलांच्या बादलीवरचा १५डब्ल्यू-४० देतो! बाजारातली १०डब्ल्यू-६० तेले प्रत्यक्षात याहून बरीच सरस असतात, पण ते डब्यावरून कळत नाही. त्यासाठी कंपनीचे तांत्रिक माहितीपत्रक मागावे लागते. ज्या परीक्षेवर इंजिनाचे बेअरिंग अवलंबून आहे तिचे गुण डब्यावर नाहीत, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

मोठ्या अक्षरांतले शब्द

आता विशेषणे. ‘सिंथेटिक’ हा शब्द कोणत्या रेणूंसाठी वापरावा यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला. खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळवलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निर्णय १९९९ मध्ये तेथील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या व्यावसायिक मंडळाने दिला. असे तेल वाईट नसते. पण या शब्दावरून आत नेमके काय आहे ते उमगत नाही.

‘रेसिंग’ हे तर कोणत्याच श्यानता-वर्गाचे नाव नाही. केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या काही तेलांत झिजेला आळा घालणारी जस्त-फॉस्फरसची संयुगे जास्त आणि काजळी धरून ठेवणारी स्वच्छकारके कमी असतात. शर्यतीनंतर तेल बदलतातच, तेव्हा तेथे ते खपून जाते. रस्त्यावरच्या गाडीत तेल महिनोन्‌महिने राहते, छोट्या फेऱ्यांमुळे त्यात पेट्रोल आणि पाण्याचा अंश मिसळतो, आणि फॉस्फरसमुळे धुराड्यातील उत्प्रेरक निकामी होत जातो. त्यापेक्षा डब्याच्या मागे बारीक अक्षरांत असणारी एपीआयची खूण अधिक बोलकी असते. २०२० पासूनच्या एसपी वर्गात टर्बो इंजिनात कमी वेगाला होणाऱ्या अकाली ज्वलनाची चाचणी अंतर्भूत आहे. मजकुरात जे बारीक छापले आहे ते मोलाचे आणि जे ठळक आहे ते बहुतेक शोभेचे.

‘सर्व परिस्थितीत संरक्षण’ हे वाक्य मात्र सरळ खोडावे लागेल. गाडी वळणावर गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाने वळली, तर तळातील तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. तेल एका बाजूला चढते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. अशा वेळी डब्यावर कोणताही आकडा असला तरी बेअरिंगला तेल मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे तेलाची पातळी वरच्या खुणेपर्यंत ठेवणे, तळात आडपडदे बसवणे किंवा तेलाची वेगळी टाकी असलेली रचना करणे.

आमचा कौल

पुतण्याला आम्ही सांगितले : पुस्तिकेने मान्य केलेल्या वर्गांतूनच निवड कर. दोन्ही वापरांसाठी एकच तेल हवे, तर उत्पादकाची मान्यता असलेले ५डब्ल्यू-४० घे, आणि माहितीपत्रकात १५० अंशांचा आकडा ३.५ च्या वर आहे ना ते पाहा. मार्गावर तेलाचे तापमान मोज. ते १२० अंशांच्या आसपास राहत असेल तर ६० ची गरज नाही. १४० कडे जात असेल तर दाट तेलापूर्वी तेल थंड करणाऱ्या कूलरचा विचार कर. मार्गावरून परतल्यावर तेल लवकर बदल. १०डब्ल्यू-६० वाईट नाही. बीएमडब्ल्यूने आपल्या काही एम इंजिनांसाठी ते स्वतः सांगितले होते, पण त्या इंजिनांच्या फटी आणि पंप हे सारे धरून.

तांडेलांचे तेल त्यांच्या इंजिनाला योग्यच आहे. त्यांचे इंजिन तासन्‌तास एकाच भाराने चालते आणि तेलाला काजळी व आम्लांशी झगडावे लागते. त्यांचा अनुभव खरा होता. त्यातून त्यांनी सगळ्या इंजिनांसाठी नियम काढला, तेवढा चुकला. जुने तेल खाडीत न ओतता परत देण्याचेही त्यांनी मान्य केले.

डब्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जे३०० हे मानक फक्त प्रवाहीपणाचे वर्ग पाडते, गुणवत्तेचा दावा करीत नाही. तो अर्थ विक्रेत्यांनी लावला आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी पसरवला.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. वीस मिलिलिटरच्या दोन सुईविरहित सिरिंजा घ्या, दट्टे काढा. तोंडाशी बोट धरून एकीत खोलीच्या तापमानाचे नवे ५डब्ल्यू-४० तेल आणि दुसरीत गरम पाण्यात बाटली ठेवून ६० अंशांपर्यंत आणलेले तेच तेल भरा. बोट काढून तेल गळून जायला लागणारा वेळ मोजा. तेल ज्योतीवर तापवू नये आणि वापरलेले काळे तेल मुलांच्या हाती देऊ नये, ते त्वचेला घातक असते. गरम तेल आधी संपेल. मग मुलांना डबा दाखवून विचारा, ५ चे ४० झाले कोठे?

शिबिरातल्या त्या बाईंचा पत्ता आमच्याजवळ नाही. हे परीक्षण त्यांच्या वाचनात आले, तर फळ्यावरचा तो आलेख आम्ही उशिरा का होईना पुसला आहे, हे त्यांना कळेल.