नाकावरचे पंचाण्णव किलो

छोट्या, चपळ गाडीत मोठे इंजिन बसवावे की नाही, यावर मोटारींच्या समीक्षेत दोन पंथ आहेत. एकाच्या मते तो त्या गाडीचा उत्कर्ष, दुसऱ्याच्या मते खून. गंमत अशी की हमरीतुमरीवर येणारे हे दोन्ही पंथ एकच आकडा हातात धरून भांडतात : इंजिन किती सीसीचे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हा वाद सीसीचा नाहीच. याचा पुरावा इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात सापडतो. त्या कारखान्याने एकाच गाडीत सहा वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळी मोठी इंजिने बसवली. (आज आपल्याकडच्या रस्त्यांवर ज्या धिप्पाड गाड्यांवर एमजी ही अक्षरे दिसतात, त्यांचा या कथेशी नावापुरताच संबंध आहे.)

मूळ गाडी एमजीबी, १९६२ची. १७९८ सीसीचे, चार सिलिंडरांचे बिडाचे इंजिन. ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती. मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांच्या कमानी, म्हणजे त्या काळीही जुनीच रचना. फार वेगवान नाही, पण पुढच्या क्षणी ती काय करणार हे चालकाला आधी कळे. तिच्या लोकप्रियतेचे निम्मे कारण यातच आहे.

ऑस्टिन-हीली ३०००ची जागा भरून काढण्यासाठी १९६७ साली एमजीसी आली. याच शरीरात २९१२ सीसीचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले, तेही बिडाचेच इंजिन घातले. अश्वशक्ती १४५ झाली. पण हे इंजिन जुन्यापेक्षा सुमारे ९५ किलो जड आणि लांबही होते. त्याला जागा करण्यासाठी पुढची आडवी तुळई काढावी लागली; ती गेली म्हणून पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा काढून पिळाच्या दांड्या बसवाव्या लागल्या; बॉनेट मावेना म्हणून त्यावर उंचवटा आला; पुढचा भार हाताला झेपावा म्हणून स्टिअरिंग हलके केले, तर ते जास्त वेळा फिरवावे लागू लागले. एक निर्णय, आणि त्याची अशी उतरंड. समीक्षकांनी गाडीला झोडपले : वळणावर नाक आत वळायला तयार नाही, सरळच जाऊ पाहते. १९६९ साली, सुमारे नऊ हजार गाड्यांनंतर उत्पादन थांबले.

नाक वळत का नाही, हे जरा थांबून पाहायला हवे. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. ती वाढते, पण भाराच्या मागे मागे राहते. त्यामुळे पुढच्या चाकांवर जादा वजन आले की वळवायचे ओझे पूर्ण वाढते आणि वळवणारी पकड मात्र अपुरी वाढते. हे झाले एक. दुसरे कारण कावडीवरून चांगले समजते. कावडीच्या दोन्ही टोकांना सारखे वजन असते, तोल अगदी काटेकोर. तरी कावड घेऊन अरुंद बोळात वळणे किती जिकिरीचे! तेवढेच पाणी डोक्यावरच्या कळशीत असले, तर बाई गिरकी घेऊन वळते. वजन वळणाच्या अक्षापासून जितके दूर, तितके ते वळायला सुरू करणे कठीण आणि सुरू झाल्यावर थांबवणे कठीण. म्हणून पुढे-मागे निम्मेनिम्मे वजन असल्याची जाहिरातींतली फुशारकी अर्धेच सांगते. एमजीसीत दोन्ही दोष एकत्र आले : पुढे जास्त वजन, आणि लांब इंजिनामुळे ते अधिकच पुढे.

आता दुसरे इंजिन. अमेरिकेत ब्यूइकने १९६१ साली ॲल्युमिनियमचे व्ही-८ काढले आणि थोड्याच वर्षांत सोडून दिले. रोव्हर कंपनीने त्याचे हक्क घेतले. केन कॉस्टेलो यांनी सत्तरीच्या आरंभी ते इंजिन एमजीबीत बसवून गाड्या विकायला सुरुवात केली, आणि मग १९७३ साली ब्रिटिश लेलँडने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ आणली. क्षमता ३५२८ सीसी. म्हणजे मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट आणि बदनाम एमजीसीपेक्षाही सहाशे सीसी अधिक. तरी हे इंजिन चार सिलिंडरांच्या बिडाच्या इंजिनाहून जड नव्हते, आणि आखूड होते. नाक होते तसेच राहिले. जिला साठ मैलांचा वेग गाठायला बारा-तेरा सेकंद लागत, तीच गाडी आता साडेआठच्या आसपास गाठू लागली.

हा प्रयोग शुद्ध नाही, हे मान्य. दोघींचे पुढचे सस्पेन्शन वेगळे होते. पण मोठ्या इंजिनाने गाडी बिघडते, हा सिद्धान्त येथे टिकत नाही. एमजीसीवरचे आरोपपत्र सीसीच्या नावाने लिहिले गेले. गुन्हा वजनाचा आणि त्याच्या जागेचा होता.

मग पहिला पंथ जिंकला का? माझ्या मते नाही. व्ही-८ला मागे पाट्यांच्या कमानी त्याच आणि ॲक्सलही तसाच अखंड राहिला. अश्वशक्ती १३७, पण खरी करामत कमी फेऱ्यांतच मिळणाऱ्या ओढीची. गिअर बदलायची फारशी गरज उरत नाही. चार सिलिंडरांच्या गाडीत चालक तिच्याजवळ असेल नसेल ते सगळे वापरतो : वेग टिकवायचा, वळणाआधी गिअर साधायचा, कंजुषीने ब्रेक लावायचा. व्ही-८मध्ये यातले बरेचसे इंजिनच करून टाकते. ती गाडी चांगलीच आहे, पण जिचे नाव तिने घेतले ती ही नव्हे. दुसऱ्या पंथाला हे मनोमन जाणवत होते. त्याने पुरावा मात्र चुकीचा दिला.

व्यवहारात तिला वाईट काळ मिळाला. ऑगस्टमध्ये गाडी आली आणि ऑक्टोबरात तेलसंकट. १९७६पर्यंत २५९१ गाड्या झाल्या.

सनबीम टायगरचाही उल्लेख करायला हवा. १९६४ साली रूट्सने आपल्या अल्पाइनमध्ये फोर्डचे व्ही-८ इतके ठासून बसवले की एका स्पार्क प्लगपर्यंत पोचण्यासाठी आतल्या पडद्याला भोक ठेवावे लागले. एसी कोब्राचे उदाहरण याहून बोलके. एसीच्या सडपातळ एस गाडीत १९६२ साली फोर्डचे छोटे व्ही-८ बसले. पण १९६५ साली सात लिटरचे घालायचे ठरल्यावर सांगाड्याच्या नळ्या जाड कराव्या लागल्या, सस्पेन्शन नव्याने आखावे लागले. तिथे इंजिन बदलले असे म्हणणे धाडसाचे. इंजिनाभोवती दुसरी गाडी बांधली गेली.

उलट बाजूने माझदाने १९८९ साली एमएक्स-५ आणली तेव्हा समोर लोटस एलानचा आदर्श होता. १.६ लिटरचे इंजिन, तेही पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेले, आणि सगळी गाडी टनाच्या आत. आज अमेरिकेत तिच्यातही व्ही-८ बसवण्याचे संच मिळतात. आणि एमजीने? १९९२ साली जुन्या एमजीबीचा सांगाडा पुन्हा काढून, त्यात ३.९ लिटरचे तेच रोव्हर व्ही-८ घालून आरव्ही-८ नावाची गाडी दाखवली. सुमारे दोन हजार बनल्या. त्यातल्या बहुतेक जपानने घेतल्या, ज्या जपानमधून त्याच काळात पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ जगभर निघत होत्या. त्यांची संख्या शेवटी चार लाखांवर गेली.