लुरिस्तानचा ब्राँझ अश्वसाज

लुरिस्तानचा ब्राँझ अश्वसाज : पश्चिम इराणमधील झॅग्रॉस पर्वतप्रदेशात, लुरिस्तान येथे लोहयुगात (सु. इ. स. पू. १००० ते ६५०) घडविलेली घोड्यांच्या लगामांची अलंकृत उपांगे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्थानिकांनी उकरलेल्या थडग्यांतून ती पुराणवस्तूंच्या बाजारात आली आणि अल्पावधीतच यूरोप-अमेरिकेतील संग्रहांत विखुरली गेली.

घोड्याच्या तोंडातील आडवी दांडी व तिच्या दोन टोकांच्या गालपट्ट्या हे या साजाचे मुख्य घटक होत. दांडी बहुधा अखंड असून ती गालपट्ट्यांच्या मध्यभागी असलेल्या छिद्रांतून आरपार जाते. पट्ट्यांच्या वरच्या कडेस वाद्या अडकविण्यासाठी कड्या असतात, तर आतील बाजूस अनेकदा अणकुचीदार काटे आढळतात. त्यांचा दाब घोड्याच्या गालांवर पडे. मेणाचा नमुना वितळवून केलेल्या ओतकामाच्या पद्धतीने या पट्ट्या घडवीत. घोडा, रानमेंढा, सपक्ष मानवमुखी पशू आणि दोन श्वापदांना आवरणारा पुरुष हे त्यांवरील प्रमुख आकृतिबंध होत.

कारागिराचे कौशल्य अलंकरण व उपयुक्तता यांच्या मेळात दिसते. दांडीचे छिद्र पशूच्या देहातच सामावलेले असते. देह बाजूने दाखविलेला असला, तरी पुष्कळदा मुख प्रेक्षकाकडे वळविलेले असते. शिंगे व पंख यांच्या वक्ररेषांमुळे लहानशा पट्टीला डौल येतो. मात्र काही नमुन्यांत अलंकरणाचा सोस वाढून साज बोजड झाला आहे. अशा जड वस्तू केवळ दफनविधीसाठी केल्या असाव्यात, असे एक मत आहे; परंतु काही नमुन्यांवरील झिजेच्या खुणा प्रत्यक्ष वापर सुचवितात.

या कलेचे श्रेय आरंभीच्या अभ्यासकांनी कॅसाइट, सिमेरियन, मीड अशा निरनिराळ्या लोकांना दिले. ही मते मुख्यतः शैलीसाम्यावर आधारलेली होती. १९३८ मध्ये एरिक श्मिट यांनी सुर्ख दुम येथील देवस्थानाचे, तर १९६५ ते १९७९ या काळात लुई व्हांडेन बर्ग यांनी पुश्त-इ-कुह येथील दफनभूमींचे उत्खनन केले. त्यांमुळे लुरिस्तानच्या ब्राँझवस्तूंच्या कालक्रमाला आधार मिळाला. तथापि शास्त्रीय उत्खननांतून मिळालेल्या अलंकृत गालपट्ट्या अत्यल्प आहेत. बाजारातील मागणीमुळे बनावट वस्तूही निर्माण झाल्या. ऑस्कर व्हाइट मस्करेला यांनी मूळ स्थान अज्ञात असलेल्या वस्तूंवर इतिहास उभारण्यातील धोका आग्रहाने मांडला.

या वस्तूंचे कलामूल्य निर्विवाद आहे. पण त्या कोणाच्या थडग्यात, कशाशेजारी होत्या हे लुटीत कायमचे पुसले गेले. म्हणूनच त्यांवरून तत्कालीन समाज व धर्म यांविषयी काढलेले निष्कर्ष सावधपणेच स्वीकारले पाहिजेत.