खडूच्या तुकड्यावरचे एक व्याख्यान

थॉमस हेन्री हक्स्लीच्या ‘ऑन अ पीस ऑफ चॉक’ या व्याख्यानाची सुरुवात विहिरीने होते. १८६८ चा ऑगस्ट महिना, नॉरिच शहर, ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन आणि समोर श्रोते म्हणून कामगार. हक्स्ली त्यांना सांगतो, की आपण आहोत तिथेच विहीर खणायला घेतली, तर खणणाऱ्यांच्या पहारी लवकरच एका पांढऱ्या, मऊ खडकाला लागतील आणि मग शेकडो फूट खाली गेले तरी तो संपायचा नाही. विषय कॅल्शियम कार्बोनेटचा, पण रासायनिक नाव यायच्या आधी श्रोत्यांच्या पायाखालची जमीन येते. तिथून तो खडक पसरत जातो. डॉर्सेटमधल्या लुलवर्थपासून यॉर्कशायरच्या फ्लँबरो हेडपर्यंत २८० मैल, मग फ्रान्स, डेन्मार्क, क्रिमिया, सीरिया, थेट अरल समुद्राच्या काठापर्यंत. आणि एवढा पसारा दाखवून झाल्यावर हक्स्ली श्रोत्यांचे लक्ष सुताराच्या खिशातल्या खडूकडे वळवतो. त्या तुकड्याचा खरा इतिहास ज्याला कळला, त्याची विश्वाची समज निव्वळ ग्रंथ वाचलेल्या पंडितापेक्षा खरी असेल, असा त्याचा दावा आहे. दावा मोठा आहे, आणि पुढचे सगळे व्याख्यान तो सिद्ध करण्यासाठी खर्ची पडते.

हे व्याख्यान मी विज्ञानासाठी वाचत नाही. त्यातले निम्मे विज्ञान मागे पडले आहे. मी ते वाचतो पुराव्याच्या मांडणीसाठी. हक्स्ली कुठेही ‘मी सांगतो म्हणून माना’ असे म्हणत नाही. तो श्रोत्याला शंका येऊ देतो, ती पुरती वाढू देतो, आणि मगच पुढचा पुरावा बाहेर काढतो. रसायनाचा भाग पाहा. खडू भट्टीत भाजला की वायू निघून जातो आणि चुना उरतो. खडूच्या पुडीवर व्हिनेगर ओतले की ती फसफसते. ठीक. पण चहाच्या केटलीत साचणारा थरही त्याच पदार्थाचा आणि गुहेच्या छतातून लोंबणारे चुनखडीचे सुळकेही त्याचेच. मग खडूचा डोंगरही असाच पाण्यातून साचला असेल, असे कोणी का म्हणू नये? श्रोता इथवर येतो आणि अडतो. रसायन खरे असूनही इतिहास सांगायला अपुरे आहे, हे हक्स्ली शब्दांत सांगत बसत नाही. तो श्रोत्याला त्या वाटेने नेऊन ती कुठे संपते ते दाखवतो. सूक्ष्मदर्शक येतो तो यानंतर.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते? खडूचा पातळ काप घेतला तर त्यात गोल कप्प्यांची कवचे दिसतात. ग्लोबिजेरिना हे त्या जीवांचे नाव, आणि वेड्यावाकड्या वाढलेल्या रासबेरीची उपमा हक्स्लीने त्यांना दिली आहे. ही कवचे कुठून आली, हे सांगायला त्या काळी टेलिग्राफची तार उपयोगी पडली. अटलांटिकच्या तळाशी तार टाकायची म्हणून तळाची मापे घेणे सुरू झाले होते. १८५३ मध्ये अमेरिकी नौदलातल्या ब्रूकने दोन मैल खोलीवरचा चिखल वर काढला. तो बर्लिनच्या एहरेनबर्गकडे आणि वेस्ट पॉइंटच्या बेलीकडे गेला. १८५७ मध्ये कॅप्टन डेमनच्या ‘सायक्लॉप्स’ जहाजाने आणलेला चिखल खुद्द हक्स्लीने तपासला. वाळल्यावर तो चिखल खडूसारखा पांढरा दिसतो आणि त्यात तीच ग्लोबिजेरिनाची कवचे असतात. नॉरिचखालचा खडक म्हणजे जुन्या समुद्राचा तळ, हा निष्कर्ष श्रोत्यांच्या मनात त्याने उच्चारण्याच्या थोडा आधीच तयार झालेला असतो. व्याख्याता म्हणून त्याचे मोठेपण मला इथे दिसते.

पण या व्याख्यानाचे शिखर आहे एक सी अर्चिन. काटेरी, गोल कवचाच्या या सागरी प्राण्याचे जीवाश्म खडूत सर्रास सापडतात. काही कवचांवर क्रेनिया नावाच्या, दोन शिंपांच्या जीवाची फक्त खालची शिंप चिकटलेली असते. वरची शिंप सुटून दुसरीकडे जाऊन पडलेली. हक्स्ली हे सावकाश उलगडतो. जिवंत अर्चिनच्या अंगावर काटे असतात, तेव्हा क्रेनिया तिथे बसली याचा अर्थ अर्चिन मेला होता, त्याचे काटे गळून पडले होते आणि कवच तळावर उघडे पडले होते. क्रेनिया पूर्ण वाढलेली आहे, म्हणजे तेवढा काळ ते कवच उघडेच राहिले. मग क्रेनियाही मेली आणि तिची वरची शिंप सुटली. काही नमुन्यांत त्या उरलेल्या शिंपेवर पोवळ्यासारखा आणखी एक जीव वाढलेला आढळतो. हे सगळे झाल्यानंतरच चिखलाने त्या ढिगाऱ्याला झाकले. म्हणजे त्या अर्चिनच्या उंचीइतका, निदान इंचभर, थर साचायला एका मरणानंतर दुसरे आयुष्य, आणि त्यानंतर तिसरे, एवढा अवधी गेला. हातात मावणाऱ्या एका दगडात तीन प्राण्यांचा क्रम वाचता येतो, आणि तो वाचायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. सुतार, लोहार, गवंडी कोणीही तो दगड हातात घेऊन हे पडताळून पाहू शकला असता.

त्यावर हक्स्लीने केलेला हिशेब मुद्दाम कंजूष आहे. या सगळ्याला फक्त एक वर्ष लागले असे धरू, तो म्हणतो. मग इंचाला वर्ष, आणि हजार फुटांना बारा हजार वर्षांहून जास्त. जगाचे वय सहा हजार वर्षे मानणाऱ्या समाजाला हा आकडा सांगायचा आहे, पण त्या क्षणी तो कोणाशीही वाद घालत नाही. तुलना श्रोत्यांवर सोडतो. आजच्या मोजणीनुसार तिथे इंचभर खडू साचायला हजाराहून अधिक वर्षे लागली. त्याने आकडा फुगवला असता तर तो सत्याच्या जवळ गेला असता, तरीही कमी धरण्यात त्याची खरी ताकद आहे. विरोधकाला जेवढे नाकारता येणार नाही तेवढेच त्याने मागितले.

व्याख्यानाचा उत्तरार्ध मला तितका आवडत नाही. क्रोमरच्या किनाऱ्याचा भाग चांगला आहे. खडूवर जुन्या जंगलाचे बुंधे, त्यांच्यासोबत हत्ती-गेंड्यांची हाडे आणि त्यांच्यावर हिमकाळातला चिकणमातीचा थर: हे सगळे नॉरफोकच्याच किनाऱ्यावर, श्रोत्यांनी जाऊन पाहण्याजोगे. पण पुढे मगरींच्या बदलत्या आकारांकडे तो वळतो, तेव्हा उत्क्रांतिवादाची बाजू लढवण्याची घाई जाणवते. तोवर मुठीत धरता येणारा पुरावा होता. आता नुसती यादी आहे.

त्याच्या चुका मात्र वाचण्यासारख्या आहेत. ग्लोबिजेरिना खोल तळाशीच जगतात असे तो धरून चालला. १८७२ ते १८७६ च्या ‘चॅलेंजर’ मोहिमेने दाखवले, की ते वरच्या पाण्यात तरंगतात आणि मेल्यावर खाली पडतात. खडूचा समुद्रही अटलांटिकइतका खोल नव्हता. तो खंडांवर पसरलेला तुलनेने उथळ समुद्र होता. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, नाटकातले मुख्य पात्र त्याने कडेला उभे केले. ‘सायक्लॉप्स’च्या चिखलात त्याला अतिसूक्ष्म चकत्या दिसल्या होत्या, त्यांना कोकोलिथ हे नाव त्यानेच दिले आणि आधी त्या निर्जीव मानल्या. वॉलिचने आणि शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने त्या सजीवांच्या असल्याचे दाखवून दिले. व्याख्यानात या चकत्यांचा उल्लेख आहे, पण मान ग्लोबिजेरिनाला. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि कळले, की खडूचा बराचसा भाग याच चकत्यांच्या भुग्याचा आहे.

या चकत्या पाहण्यासारख्या आहेत. एकपेशीय शैवाल आपल्या पेशीच्या आत, एका इवल्या पिशवीत, चकती घडवते. आधी वाटोळ्या कडेवर कॅल्साइटचे कण बसतात, आळीपाळीने, एकाचा स्फटिक-अक्ष उभा, पुढच्याचा बाहेरच्या दिशेने आडवा. मग ते वाढतात आणि एकमेकांत अडकतात. कॅल्साइट मोकळे सोडले तर तिरकस पैलूंचा ठोकळा होते. इथे त्याच पदार्थाला हातोडीसारखे, एकमेकांत बसणारे आकार येतात. तयार झालेली चकती पेशीबाहेर ढकलली जाते आणि चिलखतात जाऊन बसते. हे कॅल्साइट मॅग्नेशियम फार कमी असलेले, म्हणून टिकाऊ असते. ते सहज विरघळून पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणूनच कोट्यवधी वर्षे दबूनही खडू मऊ राहिला. खडू का लिहितो, हा प्रश्न हक्स्लीने विचारला नव्हता, पण त्याचे उत्तर इथे आहे.

त्या शैवालांपैकी आज सर्वांत विपुल असलेल्या जातीचे नाव एमिलियानिया हक्स्लेयी. ती खडूच्या काळातली नाही. तिचे वय तीन लाख वर्षांच्या आतले आहे. नावातला दुसरा माणूस चेझारे एमिलियानी. हॅरॉल्ड युरीने दाखवले होते, की पाणी जितके थंड, तितका कवचातल्या कार्बोनेटमध्ये जड ऑक्सिजन जास्त. याच रीतीने एमिलियानीने ग्लोबिजेरिनासारख्या फोरॅमिनिफेरांच्या कवचांवरून प्राचीन समुद्राचे तापमान काढले. युरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये ज्युरासिक काळातल्या बेलेम्नाइट नावाच्या माकुळासारख्या एका प्राण्याचा जीवाश्म वर्तुळा-वर्तुळाने तपासला आणि सांगितले, की त्या प्राण्याने तारुण्यानंतर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले, आणि तो वसंतात मेला. हक्स्लीने अर्चिनवरून काढलेला क्रम आणि हा क्रम एकाच घराण्याचे आहेत. फरक इतकाच, की दुसरा वाचायला यंत्र लागले.

आपल्याकडे हा पांढरा खडक नाही. पण खडू साचण्याचा काळ जिथे संपतो, तिथेच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा काळा पाषाण ओतला जात होता. डेन्मार्कच्या कड्यांतला शेवटचा खडू आणि सह्याद्रीचे कातळ एकाच पानावरचे आहेत. हक्स्लीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण व्याख्यान वाचताना मराठी वाचकाला ते ठाऊक असावे.

शेवटी हक्स्ली हायड्रोजनच्या ज्योतीत धरलेल्या खडूच्या तुकड्याची प्रतिमा देतो: ज्योत स्वतः फिकट, पण तिच्या तापाने खडू सूर्यासारखा तेजाळतो. त्या काळी रंगमंचाचे दिवे याच तत्त्वावर चालत, तेव्हा हे कवीचे नव्हे, नाट्यगृहात पाहिलेले दृश्य आहे. सुरुवातीला खडू भाजून चुना झाला होता, तोच इथे प्रकाश झाला. ही प्रतिमा सजावट म्हणून आलेली नाही. ती त्याच रसायनातून निघाली आहे, म्हणून ती टिकते.

व्याख्यान ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये १८६८ च्या सप्टेंबरात छापले गेले, नंतर १८७० च्या ‘ले सर्मन्स’ या संग्रहात आले, आणि आज त्यावर कोणाचाही हक्क नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचावेच. पण भाषेच्या शिक्षकांनी अर्चिनचा तो परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचून दाखवावा आणि मुलांना विचारावे, की इथे वेळ मोजायला लेखकाने काय वापरले.