रूप आणि निदान : एका रोगनामाचे परीक्षण

१९२१ साली पॅरिसच्या आशार व तिएर या डॉक्टरांनी एका विकाराचे वर्णन 'दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह' असे केले. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींच्या विकारात केस व साखर ही दोन्ही चिन्हे एकत्र येऊ शकतात, ही या नावाची जमेची बाजू. उणीव मात्र अधिक गंभीर आहे.

आयुर्वेदाने 'निदान' व 'रूप' हे भिन्न मानले. निदान म्हणजे मूळ कारण, रूप म्हणजे प्रकट लक्षण. प्रस्तुत नावात रूपानेच निदानाची जागा बळकावली आहे. चेहऱ्यावर राठ केस असणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांत मूळ 'पीसीओएस' या विकारात असते व पालट किशोरवयापासून सावकाश झालेला असतो. अधिवृक्क ग्रंथीत पुरुषी संप्रेरके स्रवणारी गाठ क्वचितच आढळते. परंतु ती असल्यास बहुधा काही महिन्यांतच केस वाढतात, पाळी थांबते, आवाज घोगरा होतो. 'केस आहेत' आणि 'केस येऊ लागले' यांतील क्रियारूपाचा भेद हाच येथे निदानाचा पहिला धागा होय.

आपली बोलीही निर्दोष नाही. कॉर्टिसॉल स्रवणाऱ्या गाठीने चेहरा वाटोळा होतो, धड स्थूल होते, हातपाय मात्र कृश होतात; घरची माणसे म्हणतात, 'तब्येत सुधारली!' या लक्षणाच्या इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर 'चंद्रमुख' होईल. पण तो तर आपल्या काव्यातील सौंदर्यवाचक शब्द. अशा कौतुकात रोग लपतो.

रूपाचा हाच मोह यंत्राच्या चित्रातही असतो. अधिवृक्क ग्रंथीतील कित्येक गाठी निरुपद्रवी असून अन्य कारणाने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सहज दिसतात. म्हणून संप्रेरकांचे मापन आधी, चित्र नंतर. स्टेरॉइड औषधे चालू नाहीत ना, हे प्रथम पाहावे. मग रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजतात. ते दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमहून अधिक राहिल्यास संशय बळावतो. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही हा आकडा फसवा येऊ शकतो. कॉर्टिसॉलचे आधिक्य निश्चित झाल्यावर एसीटीएच हे संप्रेरक अत्यल्प आढळले, तर मूळ अधिवृक्क ग्रंथीत असल्याचे सूचित होते.

सारांश, 'काय दिसते' या प्रश्नाआधी 'केव्हापासून' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. जे नाव हा प्रश्न विसरायला लावते, ते कितीही चित्रमय असले तरी शास्त्रास उपकारक नव्हे.