अर्धा चेहरा आणि हिशेबाचे कागद

आयर्लंडमधील १९१६ च्या बंडाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांच्या प्रसिद्ध तसबिरींत चेहरा एकाच बाजूने दिसतो. डोळ्यातला तिरळेपणा त्यांना दिसू द्यायचा नव्हता. देशानेही तोच अर्धा चेहरा मिरवला. आम्हाला मात्र या घराण्याचे कागद अधिक खरे वाटतात. पिअर्स मुळात शिक्षक. १९०८ साली डब्लिनमध्ये त्यांनी आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवणारी शाळा काढली. ती सतत पैशांच्या अडचणीत. (उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या आम्हाला याचे नवल नाही!) ३ मे १९१६ रोजी गोळ्या घातल्या जाण्याआधी आईला लिहिलेल्या पत्रातही ते पैशांच्या व्यवहाराचे आणि पुस्तकांचे कागद कळवतात. धाकटा भाऊ विली वाचेल, अशी आशाही त्यात आहे. विलीला दुसऱ्याच दिवशी गोळ्या घातल्या गेल्या.