लेमिंगांना कड्यावरून कोणी ढकलले?

लेमिंग हा टुंड्रात राहणारा, मुठीत मावेल एवढा कुरतडणारा प्राणी. दर काही वर्षांनी लेमिंग झुंडीने समुद्रात उड्या घेऊन ‘आत्महत्या’ करतात, असे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असते. ही गोष्ट जगभर पसरवण्यात डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ (1958) या माहितीपटाचा मोठा वाटा आहे. उत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्करही त्याला मिळाले.

1982 मध्ये कॅनडाच्या सीबीसी दूरचित्रवाणीने या चित्रणाचे खरे स्वरूप उघड केले. ते दृश्य अल्बर्टा या समुद्रकिनारा नसलेल्या प्रांतात घेतले होते. लेमिंग मॅनिटोबातून विकत आणले होते. बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर मोजके प्राणी पळवून झुंडीचा आभास निर्माण केला होता आणि शेवटी त्यांना नदीत ढकलले होते.

या लबाडीवर आणि क्रौर्यावर पुष्कळ टीका झाली. शिक्षकांच्या दृष्टीने मात्र आणखी एक दोष महत्त्वाचा आहे. चित्रपटाने प्राण्याला त्याच्या अधिवासातून उचलले. त्यामुळे त्याच्या वागण्याचे कारण जमिनीत शोधायचे सोडून प्रेक्षक ते त्याच्या मनात शोधू लागला.

टुंड्रा वरवर एकसारखा दिसतो. पण लेमिंगासाठी तो तसा नसतो. उत्तर अमेरिकेत तपकिरी लेमिंग मुख्यतः ओलसर सखल भागात, लव्हाळ्यासारखे गवत आणि शेवाळ खाऊन राहतो. गळ्याभोवती पट्टा असणारा लेमिंग कोरड्या, उंचवट्याच्या जागा पसंत करतो आणि खुरट्या विलोसारख्या झुडपांची पाने खातो. हिवाळ्यात जिथे बर्फाचा जाड थर साचतो तिथे त्यांची घरटी सापडतात, कारण त्या थराखालची जमीन वरच्या हवेइतकी थंड होत नाही.

मग स्थलांतराचे काय? नॉर्वेतील लेमिंग हिवाळा साचलेल्या बर्फाखाली काढतात. बर्फ वितळून त्या जागी पाणी झाले, की ते दुसरीकडे सरकतात. संख्या फार वाढली, तर जागा आणि अन्न शोधत डोंगर उतरतात. वाटेत पाणी आले तर पोहतात, काही बुडतात. याला आत्महत्या कसे म्हणावे?

खरा धोका वेगळाच आहे. हिवाळा उबदार झाला, की बर्फ वितळून पुन्हा गोठतो, जमिनीवर कठीण कवच तयार होते आणि अन्न त्याखाली अडकते. दक्षिण नॉर्वेत 1994 नंतर अनेक वर्षे लेमिंगांच्या संख्येला नेहमीची भरती आली नाही. 2008 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा संबंध बदलत्या बर्फाशी जोडला.

हा माहितीपट वर्गात दाखवूच नये, असे मात्र नाही. तो जरूर दाखवावा आणि विचारावे: हा प्राणी इथे का आहे? तो काय खातो? हिवाळ्यात कुठे राहतो? चित्रपटात या प्रश्नांची उत्तरे नाहीत, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येईल.