नीडफुल

समीक्षा हा आमचा प्रांत नव्हे. कॉलेजात आर्ट्‌सवाले वरच्या मजल्यावर बसून कवितेतला आशय शोधत, तेव्हा आम्ही कॉमर्सवाले तळमजल्यावर ट्रायल बॅलन्समधले अडीच रुपये शोधत असू. त्यांना आशय सापडे की नाही कोण जाणे. आमचे अडीच रुपये बहुधा सापडत नसत. पण गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून एकाच वाक्याचं मी इतक्या वेळा वाचन, लेखन आणि पुनर्लेखन केलंय, की त्या वाक्यावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो, असं मी आपलं समजतो. वाक्य तीन शब्दांचं आहे. ‘डू द नीडफुल.’ पुढे ‘प्लीज’ किंवा ‘काइंडली’ लावायची पद्धत आहे, पण त्या नुसत्या अक्षता. लग्न लागतं ते या तीन शब्दांनीच.

वाक्याची घडण पाहा. कर्ता नाही. आज्ञार्थ असल्यामुळे तो अध्याहृत आहे, म्हणजे ‘तुम्ही’. आता तुम्ही म्हणजे नेमके कोण, हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि पाकीट तर आवक नोंदणाऱ्यानं कधीच टोपलीत टाकलेलं असतं. कर्म आहे, पण ते ‘जे काय लागेल ते’ एवढंच. कोणी, काय, केव्हा आणि किती, या चारांतल्या एकाही प्रश्नाला उत्तर न देता पूर्ण होणारं दुसरं वाक्य माझ्या पाहण्यात नाही. आम्हाला अकरावीत जमाखर्चाचा पहिला नियम शिकवला होता : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. हे वाक्य त्या नियमावर अगदी तंतोतंत बसतं. पत्र ज्याला मिळालं त्याच्या नावे काम पडलं, ज्यानं पाठवलं तो जमेच्या बाजूला जाऊन चहा प्यायला मोकळा. आणि खुद्द काम? ते सस्पेन्स अकाउंटला.

इतकी वर्षं मी या वाक्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. पाहायला लावलं ते एका आजींनी.

आजींचे मालक रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर आजींना फॅमिली पेन्शन सुरू झालं. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात बँकेत येऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. २०१४ सालापासून तो यंत्रावर अंगठा टेकवूनही देता येतो. आजींनी अंगठा टेकवला. यंत्र ओळखीना. साठ वर्षं खुरपं धरून अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. आजी समोर उभ्या, धाप लागलेली, हातात पिशवी. आणि यंत्राच्या मते त्या नव्हत्या. आम्ही रीतीप्रमाणे वरच्या कार्यालयाला कळवलं. ‘अंगठा जुळत नाही, प्लीज डू द नीडफुल.’ डिसेंबरात पेन्शन आलं नाही. जानेवारीत वरून उत्तर आलं, ‘शाखेने याबाबत नीडफुल करावे.’ आम्ही त्या उत्तराचा संदर्भ क्रमांक टाकून पुन्हा वर पाठवलं, अर्थात नीडफुलसाठीच. दोन गोलंदाज एकमेकांना चेंडू टाकताहेत आणि खेळपट्टीवर फलंदाजच नाही, असा हा सामना चालला होता.

आजी दर आठवड्याला यायच्या. मी सांगायचो, ‘आजी, वर लिहिलंय. नीडफुल व्हायचंय अजून.’

एक दिवस त्या कठड्याला धरून म्हणाल्या, ‘आवं सायेब, त्ये नीडफूल म्हंजी कंचं फूल? आमच्या रानात असंल तर आनून दिते.’

मी हसलो. कॅशियर हसला. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘एक शेळी इकली. दुसरी गाभण हाय.’

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर ललित लेखनाला शोभेल. पण मला झोप लागली. मात्र दुसऱ्या दिवसापासून मी या फुलाच्या मागे लागलो. आमच्या शेजारी निवृत्त मराठी शिक्षक राहतात. त्यांनी शब्द ऐकताच डोळे मिटले. ‘नीड म्हणजे घरटं. नीडातलं फूल ते नीडफूल. सप्तमी तत्पुरुष. वा!’ मी त्यांचा भ्रमनिरास केला नाही.

खरी हकीगत अशी की, हे वाक्य साहेबानं आणलं. अठराव्या शतकापासून विलायतेत ते चालू होतं. आपल्याकडे ते कचेऱ्यांत उतरलं आणि साहेब गेला तरी खुर्ची, पंखा आणि नीडफुल मागे राहिलं. पुढे साहेबानं स्वतःच्या घरी ते वाक्य टाकून दिलं. आता तिकडे ते ऐकलं की माणूस हिंदुस्थानातला, असं ओळखतात. माझा भाचा पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ताकीद मिळाली की, परदेशी गिऱ्हाइकाला लिहिताना ‘डू द नीडफुल’ लिहायचं नाही, ते हसतात. म्हणजे बघा, आजोबांचा जुना कोट नातवानं घातला आणि आजोबाच त्याला गावंढळ म्हणायला लागले!

पण मला सगळ्यात आनंद झाला तो एका वेगळ्याच शोधानं. त्याच जुन्या इंग्रजीत, बोलीभाषेत, ‘द नीडफुल’ म्हणजे चक्क रोकड. खिशातला पैसा. मग लखकन उजेड पडला. म्हणजे ज्या कचेऱ्यांत कागद खाली पडून राहतो, आणि बाहेर बसलेला एजंट आपल्या कानाशी लागून ‘तेवढं नीडफुल करून टाका की, उद्या होऊन जाईल’ म्हणतो, तो एजंट भाषा भ्रष्ट करत नाही. तो शब्दाचा जुना, अस्सल, विलायती अर्थ जिवंत ठेवतोय!

लग्नाच्या बैठकीतही हाच अर्थ चालतो. माझ्या चुलतबहिणीच्या वेळी मुलाचे वडील सुपारी कातरत म्हणाले, ‘आमच्या काही अपेक्षा नाहीत. तुम्ही सुज्ञ आहात. यू विल डू द नीडफुल.’ १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, त्यात हुंडा मागायला मनाई आहे, नीडफुलला नाही. आमचे काका शाळामास्तर, इंग्रजीचे. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘किती आकडी नीडफुल?’ बैठक तिथंच मोडली. बहिणीचं पुढे चांगलं झालं, काळजी नसावी.

आता कोणी म्हणेल, हा सगळा इंग्रजीचा दोष. तसं नाही. महाराष्ट्रात १९६४चा राजभाषा अधिनियम आला, सरकारी कामकाज मराठीत आलं आणि नीडफुलनं धोतर नेसलं. ‘योग्य ती कार्यवाही करावी.’ योग्य ती कोणती, हे आताही गुलदस्त्यातच. उलट एक नवीच आफत झाली. कार्यवाही आणि कारवाई यांत फरक आहे. कार्यवाही कामाची होते, कारवाई माणसावर होते. आमच्याकडे एका खातेदारानं पासबुक हरवल्याचा अर्ज केला आणि शेवटी लिहिलं, ‘तरी माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी.’ आम्ही त्याला अर्धा तास बसवून ठेवला, एवढी कारवाई झाली.

त्याच्याही आधी, मोडीच्या काळात, आपली माणसं पत्राच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा’ असं लिहीत. वरवर पाहिलं तर हेही नीडफुलच. पण फरक आहे. तिथं आधी सगळा मजकूर आलेला असतो; कोणतं ठाणं, किती माणूस, कोणत्या वाटेनं. मग म्हणायचं, तुम्ही शहाणे आहात, अधिक काय सांगू? आमच्या पत्रात मजकूर नाही, एकदम ‘अधिक काय सांगू’!

कायद्याच्या लोकांना मात्र या बाबतीत मानलं पाहिजे. १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आम्हाला बी.कॉम.ला होता. त्याच्या सातव्या कलमात एक गृहस्थ येतात : ‘ड्रॉई इन केस ऑफ नीड’. हुंडी ज्याच्यावर काढली त्यानं हात वर केले तर गरजेला कोणाकडे जायचं, तो माणूस. आणि कायदा काय म्हणतो? त्याचं नाव हुंडीवर लिहिलेलं पाहिजे. नाव! परीक्षेला हे कलम मी घोकून गेलो होतो, ते आलं नाही. आलं ते आयुष्यात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे वाक्य असतं तेव्हा तर अंगावर काटाच येतो. एका शेजाऱ्यांच्या पोटात दुखत होतं. घरच्या डॉक्टरांनी सर्जनला चिठ्ठी दिली, ‘प्लीज सी अँड डू द नीडफुल.’ शेजारी ती चिठ्ठी रिक्षात वाचून घरी परत आले. म्हणाले, ‘काय करणार ते लिहिलेलं नाही, आणि करणाऱ्याच्या हातात सुरी.’ सोसायटीच्या नोटिशीतलं नीडफुल मी सोडून देतो. ते कोणी करत नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं.

तर आजी. फेब्रुवारीत मी स्वतः पत्र लिहायला बसलो. पहिलं पत्र कोणी टाइप केलं होतं असं तुम्ही विचारलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. ते मीच केलं होतं. आधी वर फोन लावला आणि हे काम तिथं कोणत्या टेबलावर आहे ते विचारून घेतलं. चार ठिकाणी फिरवून पाचव्या ठिकाणी एक मुलगी सापडली. ती म्हणाली, ‘अहो, मग कागदावरचा दाखला का नाही पाठवलात? अधिकाऱ्यांच्या सहीचा? तो चालतोच.’ चालतोच! तीन महिने आम्ही एकमेकांना जे करायला सांगत होतो ते हे होतं. एक कागद, एक सही. मग लिहिलं : सदर बाई आज स्वतः शाखेत आल्या होत्या, अंगठा यंत्रावर उमटत नाही, म्हणून कागदी दाखला घेऊन सोबत जोडला आहे, डिसेंबरपासूनची थकबाकी चालू महिन्याच्या पेन्शनबरोबर जमा करावी. पत्र सहीला नेलं. साहेबांनी दोनदा वाचलं.

‘शेवटचं वाक्य राहिलं.’

‘साहेब, काय करायचं ते वर लिहिलंय की.’

‘तरी पण. उघडंबोडकं दिसतं हो.’

घातलं. आठव्या दिवशी आजींची थकबाकी जमा झाली. कोणत्या वाक्यामुळे झाली, याबद्दल साहेबांचं आणि माझं अजून एकमत नाही. शेळी काही परत आली नाही.

हे सगळं घरी सांगितल्यावर आमची ही म्हणाली, ‘तुम्हाला एवढा राग आहे त्या वाक्याचा, तर बाबांचं पाकीट काढा बघू.’ आणि मी गप्प झालो.

वडील तारखात्यात होते. शब्दाला पैसे पडत, ही गोष्ट त्यांच्या हाडात मुरलेली. घरातही ते तारेतच बोलायचे. ‘जेवलो.’ ‘पाऊस. छत्री.’ २०१३च्या जुलैत देशातली तारच बंद झाली, पण वडिलांचं बोलणं काही लांबलं नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा कपाटात माझ्या नावाचं पाकीट निघालं. आत एक कागद, सात ओळी. बँकेच्या खात्याला नॉमिनेशन आईचं आहे. विम्याची पॉलिसी वरच्या खणात, हिरव्या साडीच्या घडीत. दूधवाल्याचे तीनशे चाळीस रुपये देणं आहे, तो मागणार नाही. काळी छत्री आपली नव्हे, समोरच्यांची. चश्म्याची फ्रेम चांगली आहे, कोणाला उपयोगी पडली तर द्यावी. दिवसकार्याला मुंबईच्या मंडळींना थांबवून घेऊ नये, त्यांना रजा नसते. आणि सातवी ओळ, सगळ्यात लांब : रोज संध्याकाळी साडेसहाला आईबरोबर पत्ते खेळावेत, ती दुसऱ्याची पानं बघते, बघू द्यावी.

खाली सही, आणि सहीच्या वर ‘डू नीडफुल.’ ‘द’ गाळला होता. एक शब्द वाचवला.

पहिल्या सहा ओळींचं पंधरा दिवसांत झालं. दूधवाला खरोखरच मागत नव्हता; पैसे दिले तेव्हा रडला. छत्री परत करायला गेलो तर समोरच्यांनी दोन वर्षं ती शोधली होती, असं कळलं.

लेख अजून थोडा वाढवता आला असता. पण साडेसहा वाजलेत, आतून पत्ते पिसल्याचा आवाज येतोय आणि आईनं दोनदा हाक मारली आहे. काल मी चुकून माझी पानं छातीशी धरली, तर म्हणाली, ‘एवढी लपवतोस काय? तुझे बाबा नव्हते हो असे.’